दुसरी कमान

झुलती खुर्ची चालायला लागली, की ती घडवणाऱ्याची झोप जाते. चालणं म्हणजे खरोखरचं चालणं. माणूस खुर्चीत बसतो, पुढेमागे झुलतो, वर्तमानपत्र वाचतो, आणि शेवटच्या पानावर येतो तोवर खिडकीशी ठेवलेली खुर्ची दाराशी जाऊन पोचलेली असते. यात भुताखेतांचा हात नसतो. पायांखाली ज्या दोन वाकड्या पट्ट्या असतात, त्यांना मिस्त्रींच्या घरात कमानी म्हणत. या दोन कमानी एकमेकींशी केसभर जुळल्या नाहीत, तर खुर्ची दर झोक्याला केसभर सरकते. केसाकेसानं माणूस दारापर्यंत जातो. टक्कलही असंच पडतं, पण त्याची तक्रार घेऊन कुणी सुताराकडे येत नाही.

मिस्त्रींकडे तक्रारी येत होत्या. निवृत्त हेडमास्तर स्वतः आले.

"मिस्त्री, पुस्तक उघडलं तेव्हा मी कपाटापाशी होतो. मिटलं तेव्हा मोरीच्या दाराशी. त्या दिवशी जायचंच होतं म्हणून निभावलं. पण रोज कुठं जायचं असतं?"

"तुमच्या घरची जमीन तिरकी असेल, सर."

"पन्नास वर्षांत जमिनीनं कधी तक्रार केली नाही हो."

मिस्त्रींकडे कारणांना तोटा नव्हता. जमीन तिरकी. लाकूड ओलं निघालं. गिऱ्हाईक एका कुशीवर भार टाकून बसतं. एका वजनदार बाईंना त्यांनी कारण सांगायला तोंड उघडलं आणि वेळीच मिटलं. पण खुर्च्या परत येत गेल्या. कारखान्याच्या लांब भिंतीशी त्या ओळीनं उभ्या असायच्या, रिकाम्या, मयताला जमलेल्या माणसांसारख्या गप्प. सकाळी दार उघडलं, की वाऱ्यानं त्यातली एखादी हळूच मान हलवायची. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून करवत उचलायचे.

हे सगळं धाकटा भाऊ घर सोडून गेल्यापासूनचं. त्याच्या आधी मिस्त्रींची खुर्ची म्हणजे खिळ्यानं ठोकल्यासारखी जागच्या जागी झुलायची. पेला भरून हाताशी ठेवा, थेंब सांडणार नाही. लोक लांबून यायचे. वडिलांनी तर मिस्त्री मिसरूड फुटायच्या वयाचे असताना गावभर सांगून ठेवलं होतं, "पोराच्या डोळ्यात मोजपट्टी आहे." त्या घरात कमान फर्म्यावरून, म्हणजे नमुना ठेवून आखून, कापायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. फळी समोर ठेवायची, लाकडाची रेघ बघायची आणि नजरेनं कापायचं. "फर्म्यावर डबे होतात, खुर्च्या होत नाहीत," असं ते म्हणत. आणि पद्धत ठरलेली: पहिली कमान थोरल्यानं कापायची, दुसरी धाकट्यानं.

भांडण झालं ते एका वाक्यावरून. कुणीतरी बडं गिऱ्हाईक आलं होतं. खुर्चीवरून हात फिरवत त्यानं विचारलं, "आणि हे काय करतात?" मिस्त्री हसून म्हणाले, "तो? तो फक्त दुसरी कापतो."

धाकट्यानं करवत खिळ्याला अडकवली, हात धुतले, चपला घातल्या. जाताना वहिनीला "येतो" म्हणाला आणि आला नाही. मिस्त्रींना वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल. मग वाटलं, आठवड्यात येईल. मग वाटायचं थांबलं. दुसरी कमान कापायला माणसांची काय वाण? त्यांनी एक कारागीर ठेवला, मग दुसरा. प्रत्येकाला तंबी दिली: फर्मा लावायचा नाही, या घरात नजरेनं काम चालतं. खुर्च्या चालायला लागल्या. कारागीर हाकलले. मिस्त्री दोन्ही कमानी स्वतः कापू लागले. खुर्च्या पळायला लागल्या.

अशात संग्रहालयातल्या बाई आल्या. कारागिरीचं एक नवं दालन उघडणार होतं. मध्यभागी झुलती खुर्ची हवी होती, आणि ती काळ्या शिसवाची.

"तो शिसव आता कुठं मिळत नाही म्हणतात," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे थोडा आहे असं ऐकलं."

होता. वडिलांनी तरुणपणी एका झाडाचा बुंधा घेतला होता. आता तसली झाडं उरली नाहीत, आणि उरली असली तर ती तोडू देत नाहीत. बुंध्यातलं बहुतेक कधीच संपलं होतं. माळ्यावर, जुन्या गोधडीत गुंडाळून, एका खुर्चीपुरतं सामान शिल्लक होतं: पाठीच्या पट्ट्या, हात, पाय आणि एकच रुंद फळी. तिच्यातून दोन कमानी निघाल्या असत्या. तिसरी निघाली नसती.

"काचेत ठेवणार?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा आशा होती.

"छे, छे! लोकांनी बसावं, झुलावं. उद्घाटनाच्या दिवशी पहिली मी बसणार."

बाई गेल्यावर मिस्त्री बराच वेळ परत आलेल्या खुर्च्यांकडे बघत बसले. त्यांना एक खुर्ची हवी होती. एकच. जागची न हलणारी. भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग मेलं तरी चालेल, असं त्यांना वाटलं. आणि तिनं दगा दिला तर मेलंच पाहिजे, असंही वाटलं. दोन्हीकडून हिशेब एकाच ठिकाणी येत होता.

"भावोजींना बोलवा," बायको म्हणाली.

"म्हणजे मी नाक घासू?"

"नाक कशाला? लाकूड घासायला बोलवा."

"त्याच्यावाचून माझं अडलंय असं होईल ते."

बायकोनं भिंतीशी उभ्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता जिना चढून गेली. संसारात एवढी वर्षं काढलेली बाई बोलत नाही तेव्हा तिचं ऐकावं लागतं.

धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला खोक्यांच्या कारखान्यात होता. काचा, पंप, यंत्रांचे सुटे भाग घालायची खोकी. तोंडात चार खिळे धरून तो फळी ठोकत होता. भावाला पाहून त्यानं एकेक करून खिळे तोंडातून काढले. त्यामुळे बोलायला वेळ लागला, आणि दोघांनाही ते बरं वाटलं.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" त्यानं विचारलं. कुणीतरी गेल्याचं सांगायला दादा आला असावा, असा त्याचा चेहरा झाला होता.

"बरी आहे. बोलत नाही."

"मग बऱ्याच आहेत."

"तू कसा आहेस?"

"खोकी चालत नाहीत," धाकटा म्हणाला. लगेच त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं खाली बघून एक सरळ ठोकलेला खिळा पुन्हा ठोकला. "ऐकलं मी, दादा. लोक सांगतात."

"काळा शिसव काढतोय," मिस्त्री म्हणाले.

हातोडी थांबली. "ती रुंद फळी?"

"तीच."

धाकट्यानं बाहीनं कपाळ पुसलं. लाकडाच्या भुश्यात जन्म गेलेल्या माणसाला काही गोष्टींना नाही म्हणता येत नाही. "सुटीच्या दिवशी येतो," तो म्हणाला. "तोवर हात लावू नकोस तिला."

तो आला तेव्हा फळी ओट्यावर मांडलेली होती. खिडकीतून उजेड पडला होता आणि त्या काळ्या लाकडात जांभळी रेघ पाण्यासारखी वाहत होती. धाकट्यानं तळहात नुसता टेकवला. बापाच्या मयताला टेकवला होता तसाच. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

मिस्त्रींनी आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य काढलं. माफी मागणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. दुसरी काहीतरी वस्तू पुढं करायची आणि समोरच्यानं त्यातून माफी काढून घ्यायची, असा रिवाज होता.

"या खेपेला पहिली तू काप."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मिस्त्रींना वाटलं, भरून आलं असेल.

"नको, दादा. आपली पद्धत आहे."

"पद्धत मी मोडतोय."

"पद्धत मोडू नये. पहिली तूच काप. मी मागून कापतो. मला सवय आहे."

"तेच तर! तीच सवय मोडायची आहे मला. मी तुला फक्त दुसरी म्हणालो होतो, आठवतं ना?"

"आठवतं. त्याचं काही नाही रे. दुसरीच बरी मला."

"अहो," बायको पायरीवरून म्हणाली, "ते नको म्हणताहेत तर कशाला आग्रह?"

"तू मध्ये पडू नकोस. हे आम्हा भावांचं आहे."

बायकोनं दिराकडे पाहिलं, दिरानं वहिनीकडे. मिस्त्रींनी ते पाहिलं. दहा वर्षांचा सल असा डोळ्यांतून जातो, असं त्यांना वाटलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हेही त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी धाकट्याच्या हातात करवत दिली. दिली कसली, कोंबली.

धाकट्यानं कमान कापली. फार सावकाश. मध्येच दोनदा थांबला, भावाकडे बघितलं, डोळे मिटले, काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं आणि पुढं कापू लागला. कापून झाल्यावर ती हातात घेऊन उभा राहिला, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"आता तू काप," तो म्हणाला. "आज नको असलं तर उद्या काप. पण दादा, सरस लावून चिकटवायच्या आधी मला बोलाव. दोन्ही एकदा जुळवून बघू."

"बघू, बघू," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेल्या फळीतून दुसरी कमान कापली. एका दमात. धाकट्याची कमान शेजारी होती, पण तिच्याकडे त्यांनी फक्त एकदा, कौतुकानं पाहिलं. नजर लावायची ती फळीवर. वाऱ्यासारखा हात चालला. कापून झाली तेव्हा दोन्ही कमानी शेजारी ठेवून ते मागं सरले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. जुळ्या बहिणी! इतकं सुंदर काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. धाकट्याला बोलावण्याची गरजच काय? त्याला तयार खुर्चीच दाखवू. त्यांनी सांधे बसवले, सरस लावला, आवळून ठेवलं. पुढचे दिवस घासण्यात आणि पॉलिशमध्ये गेले. बायको येता-जाता बघत होती.

"भावोजींना न दाखवता चिकटवलंत?"

"तोंडात बोट घालेल बघून!"

पुढच्या सुटीला धाकटा आला. दारातच थांबला. खुर्ची कारखान्याच्या मधोमध उभी होती, काळीभोर, चकचकीत.

"सरस लावलास?" तो म्हणाला.

"आधी बस तर."

"वहिनी बसू देत," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आजारी माणसासारखा येत होता.

वहिनी बसली. एक झोका घेतला, दुसरा घेतला. खुर्ची आवाज न करता झुलत होती. मिस्त्री खाली बसून जमिनीकडे बघत होते. त्यांनी खडूनं कमानींशी रेघ मारून ठेवली होती. थोड्या वेळानं रेघ मोकळी दिसायला लागली. मग ती चांगलीच मोकळी झाली. वहिनी झुलत झुलत, तोंडातून अवाक्षर न काढता, उलट्या दिशेनं भिंतीकडे निघाली होती.

"जमीन," मिस्त्री म्हणाले. "इथली जमीन तिरकी आहे."

त्यांनी खुर्ची उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. तिथूनही ती निघाली. ओसरीवर नेली. तिथूनही. शेवटी खुर्ची हातात धरून ते मधोमध उभे राहिले, जत्रेत पोर हरवलेल्या बापासारखे.

"तू काय केलंस?" ते धाकट्याला म्हणाले. "तुझा हात बिघडला. खोकी ठोकून बिघडला!"

बोलली ती बायको.

"सांगा त्यांना, भावोजी. आता लपवून काय राहिलंय?"

"वहिनी, नको."

"सांगा. नाहीतर मी सांगते."

धाकटा परत आलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर टेकला. ती हलली, म्हणून पुन्हा उठला आणि उभ्यानंच बोलला.

"दादा, तुझी कमान कधीच नीट आली नाही. लहानपणापासून. मधे कुठंतरी थोडी आत जाते."

"मग इतकी वर्षं खुर्च्या..."

"तू पहिली कापायचास. मग जेवायला वर जायचास. मी तुझी कमान दुसऱ्या फळीवर ठेवायचो आणि कडेनं पेन्सिल फिरवायचो. तुझी वाकडी तर माझी तितकीच वाकडी. दोन्ही सारख्या वाकड्या असल्या, की खुर्ची चालत नाही."

"फर्मा? या घरात फर्मा?"

"तूच फर्मा होतास, दादा."

मिस्त्री बायकोकडे वळले. तिनं नजर खाली केली नाही. "मी तुम्हाला वाढायला वेळ लावायची," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, हिला कामाचा उरक नाही. सासरे म्हणाले होते, तेवढी बोलणी खा."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच मला शिकवलं," धाकटा म्हणाला. "म्हणाले, थोरल्याला कळलं तर तो हत्यार खाली ठेवील. तू आपला दुसरी कापत जा."

मिस्त्रींनी खुर्ची खाली ठेवली. बापानं गावभर सांगितलेलं वाक्य त्यांना आठवलं. ते वाक्य त्यांनी आयुष्यभर अंगावर घातलं होतं, आणि आता ते उतरवायचं तर खाली काहीच नव्हतं.

"मग या वेळी माझ्यासारखी वाकडी का नाही कापलीस?" त्यांनी विचारलं. त्या वेळी हा प्रश्न त्यांना अगदी रास्त वाटला. "एवढी वर्षं माझी चूक बघितलीस. पाठ झाली नाही?"

"प्रयत्न केला रे," धाकटा म्हणाला. "पण तुझी चूक दर खेपेला वेगळी असते."

मग धाकट्यानं खुर्ची उचलून ओट्यावर उलटी ठेवली. दोन्ही कमानी वर आल्या.

"तुझ्या कमानीवर लाकूड चढवता येत नाही," तो म्हणाला. "माझी उतरवता येईल. ती तुझ्याएवढी केली, की खुर्ची जागेवर राहील."

"म्हणजे चांगली बिघडवायची."

"हो."

"आणि तशीच ठेवली तर?"

"तर बाई उद्घाटनाला बसतील आणि दालनातून बाहेर पडतील."

एरवी मिस्त्री हसले असते. ते ओट्याजवळ आले. "कुठं आत गेलीय माझी? दाखव."

धाकट्यानं बोट ठेवलं. "इथं. इथून इथपर्यंत. या दुसरीशी लावून बघ."

मिस्त्री वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. खिडकीचा उजेड दोन्ही कमानींवर सारखाच वाहत होता. दोन काळ्या, देखण्या, जुळ्या बहिणी. त्यांनी अंगठा फिरवला. अंगठ्यालाही काही लागलं नाही.

"दिसलं?" धाकट्यानं विचारलं.

"दिसलं," मिस्त्री म्हणाले.

धाकट्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रंधा घेतला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. चांगल्या कमानीवरून काळ्या शिसवाचे पातळ, वळलेले छिलपे निघू लागले आणि मिस्त्रींच्या मनगटांवर पडू लागले. ते त्या कमानीकडे एकटक बघत होते. निदान बिघडताना तरी ती कुठं बिघडते ते दिसेल, या आशेनं. ती पहिल्याइतकीच सुंदर दिसत राहिली.

काम झाल्यावर धाकट्यानं खुर्ची सरळ केली आणि जमिनीवर ठेवली.

"बस, दादा."

मिस्त्री बसले. आयुष्यात इतक्या खुर्च्या केल्या, पण आपल्या हातच्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. धाकट्यानं खाली वाकून खडूची नवी रेघ मारली. बायको जिन्यापाशी उभी होती. मिस्त्रींनी एक झोका घेतला. मग दुसरा. खुर्ची जागेवर होती.

"झालं," धाकटा म्हणाला आणि हात पुसू लागला.

मिस्त्री थांबले नाहीत. कुणाकडे न बघता, रेघेवर नजर लावून ते झोके घेत राहिले, आधी सावकाश, मग जोरजोरात, म्हाताऱ्या पायांनी जमीन रेटत, ती एकदा तरी केसभर सरकावी म्हणून. खुर्ची जागची हलली नाही.